हस्तात पेरणाऱ्याचा दाखला

अमेरिकन मराठी मिशनच्या खेड्यापाड्यांतल्या शाळांची हकिकत छापील अहवालांत मिळते. शाळा किती, मुलं किती, मुली किती, मास्तरांचा पगार किती, सगळं मांडलेलं असतं. पण एका खोलीत एकट्या मास्तरानं बिगारीपासून चौथीपर्यंतची पोरं एकाच वेळी शिकवली कशी, हे तिथं सापडत नाही. ते मला आत्याकडून मिळालं. नगर जिल्ह्यात, नेवाशाच्या बाजूला आजोबा मिशनचे मास्तर होते. आत्या त्यांची लेक आणि त्यांचीच विद्यार्थिनी. सन-तारखा तिला कधी आठवल्या नाहीत, पण शाळेचं वेळापत्रक शेवटपर्यंत पाठ होतं.

"आधी गाणं, मग वचन, मग गोष्ट, मग पाढे," ती सांगायची. मिशनची शाळा म्हटल्यावर देवाचं नाव आधी येणार, असंच कुणालाही वाटेल. आत्याचं म्हणणं वेगळं होतं. सकाळी पोरं शेणगोठा करून, शेरडं सोडून, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन यायची. लिंबाच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला होता, तो वाजला तरी निम्मी शाळा वाटेवरच असायची. गाणं चालू असताना मागून येऊन बसलं तरी काही बुडत नाही. कडवं पुन्हा येतंच, आणि मागून आलेलं पोर दुसऱ्या खेपेला सूर धरतं. पाढे आणि गणित मात्र पहिल्यापासून ऐकावं लागतं. म्हणून गाणं पुढं आणि गणित मागं. भक्ती होतीच, पण ते वेळापत्रक गावाच्या गोठ्याकडं बघून केलेलं होतं.

आजोबांना हे कुणी शिकवलं, तेही सांगायला हवं. १८९९-१९०० च्या दुष्काळात आईबाप गेलेलं ते पोर. त्या दुष्काळात नगरच्या मिशननं शेकडो पोरक्या मुलांना जवळ केलं. रॉबर्ट ह्यूम यांच्यासारखे मिशनरी त्या कामासाठी नावाजले गेले. आजोबा बोर्डिंगात वाढले, व्हर्नाक्युलर फायनल झाले आणि नगरला ट्रेनिंग घेऊन मास्तर म्हणून बाहेर पडले. नगरला मास्तर घडवण्याचं काम जुनं होतं. ख्रिश्चन व्हर्नाक्युलर एज्युकेशन सोसायटीची शिक्षक तयार करणारी शाळा तिथं १८६० च्या दशकातच चालू झाली होती. त्याही आधीची गोष्ट नगरच्या ख्रिस्ती घरांत अजून अभिमानानं सांगतात. १८३१ साली मिशन नगरला आलं, १८३९ मध्ये सिंथिया फॅरार या बाई मुंबईहून नगरला आल्या आणि १८६२ साली तिथंच वारल्या. मधली सगळी वर्षं त्यांनी मुलींच्या शाळांत घातली. जोतीराव फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी नगरला फॅरार बाईंकडे शिकवण्याचे धडे घेतले, असं सांगितलं जातं. आजी हे सांगताना पदर सावरून बसायची, जणू सावित्रीबाई नात्यातल्याच.

शहरातल्या शाळांचं एक, खेड्याचं वेगळं. खेड्यात मिशनची शाळा बहुधा महारवाड्याच्या किंवा मांगवाड्याच्या कडेला असायची. तिला बोलावून आणणारेही तेच लोक असायचे. "आम्हाला मास्तर द्या" ही पहिली मागणी, धर्माची बोलणी नंतर. मिशनलाही ते ठाऊक होतं. शाळा काढली ती मुलांना आणि त्यांच्या घरादाराला ख्रिस्ताची ओळख व्हावी म्हणून. हे मिशननं कधी लपवलं नाही, मीही लपवणार नाही. पण वाड्यावरच्या लोकांना आधी अक्षर हवं होतं. लोकल बोर्डाच्या शाळेत आपलं पोर ओट्यावर, उन्हात बसतं, त्याची पाटी मास्तर लांबूनच बघतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं. इथं मास्तर शेजारी बसून पोराच्या हाताला धरून अक्षर गिरवून घेत होता. तो हात धरणं हाच माझ्या मते त्या शाळेचा पहिला पाठ, आणि तो कुठल्याही छापील अभ्यासक्रमात नव्हता.

म्हणजे मास्तरावर हुकूम तिघांचा. एक सरकारचा, दुसरा मिशनचा, तिसरा गावाचा.

सरकारचा हुकूम यायचा दिपोटीच्या, म्हणजे शाळा तपासणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरच्या रूपानं. १८५४ च्या वूडच्या खलित्यानंतर खाजगी शाळांना अनुदान मिळू लागलं, आणि मुंबई इलाख्यात पुढं बरीच वर्षं ते परीक्षेच्या निकालावर ठरत असे. किती मुलं पास, त्यावर पैसे. आजोबांच्या काळी ती पद्धत गेली होती, पण तिची धास्ती मास्तरांच्या अंगात मुरली होती. दिपोटी येणार म्हटलं की आजोबांचे जुने मास्तर पंधरवडाभर दुसरं काहीच घेत नसत. वाचन, लेखन, गणित, पुन्हा वाचन. हुशार पोरं पुढं बसवायची, अडखळणारी घरी राहिली तर बरंच. आजोबांना ही चाल आवडायची नाही. शाळेत सगळ्यांत जास्त वेळ अडखळणाऱ्या पोरालाच लागतो, आणि दिपोटीच्या हिशेबात तेच पोर तोट्याचं. मोठेपणी ते हे बोलून दाखवायचे तेव्हा त्यांचा आवाज चढायचा. निकालावर पैसा मोजायची ही रीत आपण अजून पुरती सोडलेली नाही, असं मला आज शाळांच्या जाहिराती पाहताना वाटतं.

मिशनचा हुकूम होता धर्मशिक्षणाचा. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, प्रश्नोत्तरं, स्तोत्रं, ख्रिस्ताचे दाखले. साऱ्या जगातल्या रविवार शाळांनी एका रविवारी एकच धडा घ्यावा, अशी आखणी १८७० च्या दशकात अमेरिकेत झाली होती, आणि १८७६ मध्ये हिंदुस्थानातही रविवार शाळांचा संघ उभा राहिला. ही आखणी आजोबा रविवारी पाळायचे. आठवड्याच्या दिवसांत मात्र त्यांचा क्रम वेगळा असायचा. त्याकडे येतोच.

तिसरा हुकूम गावाचा, आणि तो तोंडी असायचा. "मास्तर, पोराला कागद वाचता आला पायजे." कागद म्हणजे सावकाराचा. पुणे आणि नगर जिल्ह्यांत १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, १८७९ चा कायदा आला, तरी खेड्यात अंगठा उठवणं काही संपलं नव्हतं. कागद मोडीत असायचा. बायबल बालबोधात, सावकाराचा कागद मोडीत. बालबोध पक्कं झालं की मोडी, हा शिरस्ता होता. आजोबांनी मोडी जमेल तितकी अलीकडं ओढली. कारण साधं होतं. वाड्यावरचं पोर चौथीपर्यंत टिकेलच याचा भरवसा नव्हता. तिसरीत त्याला कुणाच्या तरी गुरांमागं लावायचे. जे काही हाताला लागायला हवं, ते त्याच्या आत.

गणिताचंही तेच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांची उजळणी दुपारी व्हायची. आणि मग फळ्यावर एक हिशेब. आत्याला तो आकड्यासकट आठवत होता. वीस रुपये कर्ज, व्याज दरमहा रुपयाला एक आणा. महिन्याला वीस आणे, म्हणजे सव्वा रुपया. बारा महिन्यांचे किती? सव्वाचा पाढा ज्याला येतो तो पटकन सांगतो, पंधरा. वीस रुपये घेतले, वर्षाला पंधरा रुपये नुसतं व्याज, आणि मुद्दल जागेवर. फळ्यावर पंधरा लिहून आजोबा गप्प बसायचे. काही पोरं घरी जाऊन बापाला तो हिशेब सांगायची. एका घरात बापानं पोराला एक थप्पड दिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन मास्तरांना म्हणाला, "त्ये पुन्यांदा मांडा." आजोबांनी पुन्हा मांडलं. या बापाचं पोर पुढं मुलकी खात्यात कारकून झालं, असं आत्या सांगायची. मला त्या बापाचं जास्त कौतुक वाटतं.

आता एका मास्तरानं इतकं सगळं करायचं कसं? खोली एक, वर्ग पाच. बिगारीची पोरं दाराशी, उजेडात, धूळपाटीवर बोटानं अक्षर काढत. पहिली-दुसरी भिंतीकडे, दगडी पाट्या घेऊन. तिसरी-चौथी मागं, कित्ता आणि दौत-टाक घेऊन. आजोबा एका वर्गाला तोंडी शिकवत तेव्हा दुसरा लिहीत असे आणि तिसरा पाठ करत असे, आणि मग फिरत. तिघांनी एकदम तोंडी काम करायचं नाही, एवढाच कडक नियम. आणि चौथीतल्या पोरानं बिगारीची उजळणी घ्यायची. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळांत ही चाल होतीच. अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्यानं अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासेला पोरांनी पोरांना शिकवण्याची पद्धत चालवली, ती विलायतेत नेली आणि तिथं ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. पुढं ट्रेनिंग कॉलेजांतून ती आपल्याकडे नव्यानं शिकवली गेली. आजोबांना हा प्रवास माहीत असेल-नसेल. त्यांना ती उपयोगाची होती. बिगारीला 'ड' आणि 'ङ' शिकवताना चौथीतल्या पोराची स्वतःची अक्षरं नीट होतात, हे त्यांनी हेरलं होतं.

रोज संध्याकाळी कंदिलाशी बसून ते उद्याचं टाचण काढत. एका वहीत पानाचे पाच रकाने, वर्गाला एक. प्रत्येक रकान्यात दोनच ओळी. काय शिकवायचं आणि काय विचारायचं. आत्या सांगायची, दुसरी ओळ लिहायला त्यांना जास्त वेळ लागायचा. ती वही आज नाही. वाळवीनं खाल्ली की पुरात गेली, यावर घरात दोन मतं आहेत.

त्या वहीतला सगळ्यांत सुरेख भाग धर्मशिक्षणाचा होता, असं मला आत्याच्या सांगण्यावरून वाटतं. नगरचा हा भाग रब्बीचा. ज्वारी पेरायची ती गणपती उठल्यावर, हस्ताच्या पावसाचा अंदाज घेऊन. पेरणाऱ्याचा दाखला आजोबा नेमका तेव्हा काढायचे. गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. पेरणाऱ्याचं काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीत, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत. पहिल्या दिवशी गोष्ट सांगून झाली की तिसरीतलं कुणीतरी हमखास विचारायचं, "पन मास्तर, पाभरीनं पेरलं तर बी वाटंवर जाईलच कसं?" हा प्रश्न आजोबांनी टाचणात धरलेलाच असायचा. पाभर नळीतून तासात बी सोडते, वाटेवर नाही. मग ते सांगायचे की त्या मुलखात माणूस झोळी काखेला मारून मुठीनं बी फोकत जातो. का फोकतो? जमीन कशी, पाऊस कधी, डोंगर कुठं? भिंतीवरचा पालेस्ताईनचा नकाशा खाली यायचा, त्याच्या शेजारी नगर जिल्ह्याचा. गालीलचं सरोवर आणि भंडारदऱ्याचं धरण, यार्देन आणि गोदावरी. दाखल्यानं सुरू झालेला तास भूगोलात जायचा, आणि पोरांना कळायचंही नाही की विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी शाळा शिवारात. चार पोरांनी चार ठिकाणची माती फडक्यात बांधून आणायची. पांदीतली पायाखाली घट्ट झालेली, टेकाडावरची मुरमाड, बांधाकडची कुंदा माजलेली, आणि ओढ्याकाठची काळी. शाळेत आणून चार गाडग्यांत भरायची. गाडग्याच्या बुडाला भोक. वरून प्रत्येकात सारखंच पाणी ओतायचं आणि बघत बसायचं. मुरमातून पाणी सरळ खाली, पांदीच्या मातीवर वरच उभं, आणि काळीत आत मुरतं आणि धरून राहतं. कुठल्या गाडग्यातून किती पाणी निघालं, ते वाटीनं मोजून चौथीनं पाटीवर मांडायचं. मग आजोबा विचारायचे, पेरणाऱ्यानं वाटेवर बी का टाकलं असेल, त्याला ठाऊक नव्हतं का? या प्रश्नाला त्यांनी कधी स्वतः उत्तर दिलं नाही. ज्यांच्या बापाकडं जमीनच नव्हती ती पोरं म्हणायची, "दुसऱ्याचं बी आसंल." ज्यांच्याकडं होती ती म्हणायची, "वारा आसंल." पोरं दोन गटांत भांडायची आणि आजोबा ऐकत बसायचे. आत्या तेव्हा दुसरीत होती. तिला त्या भांडणातली दोन्ही टोकं आयुष्यभर आठवत राहिली.

ज्वारी निघाली की रूथची गोष्ट. विधवा रूथ परक्याच्या शेतात सरवा वेचते, ती. वाड्यावरच्या बायका त्याच आठवड्यात तेच करत असायच्या. कापणाऱ्यांच्या मागून राहिलेली कणसं वेचून ओच्यात भरायची, मुलं सोबत. गोष्ट सांगायला फारसं काही लागायचंच नाही. आजोबा एकच जोडायचे, की त्या देशात शेताच्या कडा गरिबांसाठी मुद्दाम न कापता ठेवायचा नेम होता. दुसऱ्या दिवशी पोरं शेतांच्या कडा बघून यायची, कुणी ठेवल्यात, कुणी नाही. एका बागायतदारानं याबद्दल आजोबांना चावडीवर बोलावून विचारलं होतं, पोरांना काय शिकवता म्हणून. आजोबांनी बायबल उघडून दाखवलं. तो म्हणाला, मग ठीक.

योसेफाची गोष्ट मात्र त्यांनी स्वतःच्या तोंडानं कधी सांगितली नाही. सात वर्षं सुकाळ, सात वर्षं दुष्काळ, मिसरातली कोठारं, धान्यासाठी आलेले भाऊ. पाऊस हुकलेल्या वर्षी ती यायचीच, आणि ती चौथीतली मुलं सांगायची. आजोबा दारात उभे राहून ऐकायचे. घरात कुणी यावर कधी बोललं नाही. दुष्काळात त्यांचं कोण कोण गेलं हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं नाही.

गाण्याकडं परत वळतो, कारण त्या शाळेचा निम्मा अभ्यास गाण्यात होता. मिशननं सुरुवातीला इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवलेली गीतं आणली. ती देवळात ठीक, पण गुरं वळणाऱ्या पोरांच्या गळ्यात ती चाल उतरत नसे. १८६० च्या दशकात कृष्णराव सांगळे यांनी नगरकडं ख्रिस्ती कीर्तन उभं केलं आणि वाट मोकळी झाली. मग १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, ते नगरला राहिले, आणि त्यांनी अभंग, ओवी, पदं यांतून इतकं लिहिलं की खेड्यातल्या मास्तराला कोठार उघडून मिळालं. आजोबा उभा अभंग वर्गाला वाटून द्यायचे. टाळ चौथीकडं. वचनांची पाठांतरंही ओवीच्या चालीवर. आत्याला नव्वदीतही वचनं यायची ती चालीसकट, नुसती म्हण म्हटलं तर अडायची. वाचन शिकवायलाही अभंग कामाला यायचा. तोंडपाठ झालेला अभंग फळ्यावर लिहायचा आणि त्यातला एकेक शब्द बोटानं शोधायला लावायचा. ऐकलेलं आणि लिहिलेलं जुळलं की पोर हरखायचं. आजच्या बालशिक्षणातले जाणकार यापेक्षा वेगळं सांगत नाहीत.

नाताळ हा वार्षिक परीक्षेहून मोठा. दिपोटीला काय दाखवायचं ते दिपोटी ठरवायचा, पण नाताळला गाव बसायचं. महिनाभर आधी कामं वाटली जायची. बिगारीनं एक गाणं, पहिलीनं वचनं, दुसरीनं संवाद, तिसरीनं मेंढपाळांचं सोंग, चौथीनं आख्यान. मेंढपाळ व्हायला धनगरांची दोन पोरं हटकून पुढं, घोंगडी त्यांची स्वतःची. ती ख्रिस्ती नव्हती. आख्यानात चुकलं तर पाठीमागून मास्तरांनी सांगायचं नाही, चौथीनंच सांभाळून घ्यायचं. वाड्यावरच्या पोरानं चारचौघांत उभं राहून, मान वर करून, स्वच्छ बोलायचं, आणि पाटलापासून सगळ्यांनी ते ऐकायचं. त्या काळच्या गावात हे केवढं होतं, ते आज सांगूनही पुरतं कळणार नाही.

सगळंच गोड नव्हतं. मुलींचा अभ्यासक्रम वेगळा होता आणि तो मुलींना भारी पडला, असं आत्याचं ठाम मत. दुपारी मुलगे दिडकी म्हणत तेव्हा मुली आजीकडं शिवणाला बसत. टीप, तुरपाई, काज, रफू. आजी स्वतः बोर्डिंगात हेच शिकली होती आणि सुईचं काम उत्तम करायची. पण आत्याला दिडकी हवी होती. ती टीप घालता घालता भिंतीपलीकडचे पाढे ऐकून पाठ करायची. "शिवण वाईट न्हवतं रे, पोट भरलं त्यानं. पण ते पाढ्यांच्या वेळेलाच का?" हे ती मला कितीदा म्हणाली असेल. अखेर तिनंच आजोबांना विचारलं, आणि शिवण शनिवारी गेलं. बाकीच्या खेड्यांतल्या मुलींना विचारायला बाप मास्तर नव्हता.

दुसरी अडचण गावातल्या इतर पोरांची. मराठ्यांची, माळ्यांची, धनगरांची काही मुलं या शाळेत यायची, कारण मास्तर चांगला. काही घरांत शाळेतून आल्यावर अंगावर पाणी घेतल्याशिवाय पोराला आत घेत नसत. काही बापांची हरकत धर्माच्या तासाला होती. त्यांच्या मुलांना आजोबा तेवढा वेळ ओसरीवर कित्ता गिरवायला बसवत. वर मिशनमध्ये सगळ्यांना हे पसंत नव्हतं. धर्माचा तास ऐच्छिक केला तर शाळा चालवायची कशाला, असं म्हणणारेही होते. १९५० मध्ये राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमानं हा प्रश्न मिटवला. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. आजोबांना ते वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "ओसरी आता कायद्यात आली." मला तो काळ आणि ती माणसं जितकी आठवतात, त्यात हे त्यांचं बोलणं सगळ्यांत मोलाचं वाटतं. आपल्या श्रद्धेवर इतका भरवसा की दुसऱ्याला बाहेर बसू देताना भीती वाटू नये.

१९३० च्या मंदीत अमेरिकेतून येणारा पैसा आटला. खेड्यांतल्या शाळा एकेक करून बंद झाल्या किंवा बोर्डाकडं गेल्या. आजोबांची शाळा कशीबशी तगली, आणि स्वातंत्र्यानंतर बोर्डात विलीन झाली. १९६२ मध्ये जिल्हा परिषद आली तेव्हा त्या जागी तिची शाळा उभी होती. रुळाचा तुकडा तोच.

माझी भाची आज नगरमधल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातल्या, एका लहानशा ख्रिस्ती प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरी-चौथीचा जोडवर्ग तिच्याकडं. अभ्यासक्रम राज्याचा, पुस्तकं बालभारतीची, चौथीला 'शिवछत्रपती'. जूनमध्ये वार्षिक नियोजन, मग मासिक, मग घटक नियोजन, आणि रोजचं टाचण. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी वेगळ्या. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बातम्या, आणि एक प्रार्थना. वर्गातली बरीच मुलं ख्रिस्ती नाहीत. बायबलच्या तासाला ज्यांच्या घरून लेखी संमती आहे ती बसतात, बाकीच्यांना त्याच वेळी वाचनाचा तास, आणि तो तास मुख्याध्यापिका स्वतः घेतात, म्हणजे ती मुलं उरलेली वाटू नयेत.

मी तिला आत्याकडून ऐकलेलं सगळं सांगितलं होतं. रूथची गोष्ट तिनं एकदा फेब्रुवारीत घेऊन पाहिली. शहरातल्या मुलांना सरवा म्हणजे काय हे माहीत नाही. ज्वारी काढताना त्यांनी पाहिलेली नाही, आणि ज्यांची गावं ऊसपट्ट्यात आहेत तिथं ज्वारीच उरलेली नाही. तिनं ती गोष्ट आता नियोजनातून काढली, आणि मला ते पटलं. पेरणाऱ्याचा दाखला मात्र ठेवला. गाडग्यांऐवजी पाण्याच्या बाटल्या कापून घेतल्या. मुलांनी आणलेल्या मातीत एक नवी भर पडली, बांधकामावरची सिमेंट मिसळलेली. तिच्यातून पाणी कुठंच गेलं नाही.

गेल्या वर्षी केंद्रप्रमुख तपासणीला आले तेव्हा हाच तास चालू होता. खिडकीत बाटल्यांची ओळ, मुलं वाटीनं पाणी मोजताहेत, आणि फळ्यावर दाखल्याचं नाव. वर्गात दोन्ही प्रकारची मुलं होती, कारण मातीचा तास सगळ्यांचा. त्यांनी विचारलं, "बाई, हे नियोजनात कुठं बसतं?" तिनं टाचणवही पुढं केली. परिसर अभ्यासात मातीचे प्रकार, गणितात मापन, भाषेत प्रश्न तयार करणे, तिन्ही रकाने भरलेले. दाखला शुक्रवारच्या ऐच्छिक तासात, वेगळा. त्यांनी सिमेंटच्या बाटलीत बोट घालून पाहिलं, वही वाचली, आणि सही केली.